बलाढ्य इंग्लंड हरलं कसं? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील दोन्ही बाजूंची बलस्थाने आणि उणिवा

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध (१७७५ ते १७८३) शिकवताना आपण कारणे, घटना, परिणाम अशा क्रमाने जातो. मुलं सनावळ्या पाठ करतात. पण "एवढं बलाढ्य इंग्लंड हरलं कसं?" असं विचारलं, की उत्तर येतं, "अमेरिकन लोक शूर होते म्हणून!" शूर तर दोन्हीकडे होते. मग फरक कुठे पडला? त्यासाठी फळ्यावर सरळ रकाने आखावेत.

इंग्लंडची बलस्थाने : लोकसंख्या सुमारे ८० लाख. तेरा वसाहतींची मिळून साधारण २५ लाख, त्यातले जवळजवळ ५ लाख गुलाम. इंग्लंडकडे कसलेली फौज, मोठं आरमार आणि कर्ज उभारण्याची ताकद होती. सैनिक कमी पडले तेव्हा जर्मन संस्थानांकडून सुमारे ३० हजार भाडोत्री सैनिक आणले. वसाहतींतही राजाशी एकनिष्ठ असलेले पुष्कळ लोक होते.

इंग्लंडच्या उणिवा : पहिली उणीव म्हणजे अटलांटिक महासागर. लंडनचा हुकूम पोहोचायला दीड-दोन महिने सहज लागत. १७७७ मध्ये जनरल बर्गॉइन कॅनडातून खाली उतरत होता, तेव्हा जनरल हाउ त्याच्या मदतीला न जाता फिलाडेल्फियावर चालून गेला. बर्गॉइनला साराटोगाला शरणागती पत्करावी लागली. दुसरी उणीव म्हणजे जिंकलेला मुलूख राखणं. फिलाडेल्फिया पडलं, पण वसाहतींची काँग्रेस यॉर्क गावी गेली आणि तिथून कारभार चालू राहिला.

वसाहतींच्या उणिवा : सुरुवातीला कायमचं सैन्य नव्हतं. थोड्या मुदतीसाठी भरती झालेले शेतकरी मुदत संपली की घरी परतत. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे छापलेल्या नोटा कवडीमोल झाल्या. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत सुमारे २,००० सैनिक दगावले, बहुतेक रोगराईने.

आणखी एक उणीव मुलांपासून लपवू नये. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या अनेकांच्या घरी गुलाम होते. १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने, बंडखोरांचे जे गुलाम आपल्या सैन्यात येतील त्यांना मुक्त करू, असं जाहीर केलं आणि शेकडो गुलाम त्याच्याकडे पळून गेले. म्हणजे त्यांच्यासाठी स्वातंत्र्य इंग्रजांच्या बाजूला होतं!

वसाहतींची बलस्थाने : स्वतःची भूमी, ओळखीच्या वाटा आणि वॉशिंग्टनचा चिवटपणा. तो बऱ्याच लढाया हरला, पण त्याने सैन्य मोडू दिलं नाही. साराटोगाच्या विजयानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने उघड करार केला. शेवटी यॉर्कटाउनला समुद्रात फ्रेंच आरमार, जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच फौज, अशा कोंडीत सापडून कॉर्नवॉलिसची फौज १९ ऑक्टोबर १७८१ रोजी शरण आली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला, हे सांगितलं की मुलांचे कान टवकारतात.

मग मर्म कशात आहे? खो-खो आठवा. पळणाऱ्याला पाठलाग करणाऱ्याला हरवायचं नसतं, वेळ संपेपर्यंत फक्त सापडायचं नसतं. इंग्लंडला एवढा मुलूख पुन्हा जिंकून ताब्यात ठेवायचा होता. वसाहतींना फक्त टिकायचं होतं. उद्दिष्ट वेगळं असल्यामुळे तीच ताकद एकाला अपुरी पडली आणि दुसऱ्याला पुरली.

वर्गात करून पाहा : निकाल न सांगता तक्ता भरून घ्या आणि "कोण जिंकेल?" यावर हात वर करायला सांगा. बहुतेक हात इंग्लंडसाठी वर येतील. मग निकाल सांगून विचारा, "तक्त्यातली कोणती एक ओळ पुसली असती तर निकाल बदलला असता?" कोणी फ्रान्स म्हणेल, कोणी महासागर. पालकांनीही घरी हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर कोणतंही असो, मुलाला त्यामागचं कारण सांगता आलं पाहिजे.