नानाचं काम कोण करणार?

सकाळी ६
मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या, मग आवाज न चढवता नमन. आज ३ फेब्रुवारी. १८३२ साली याच तारखेला उमाजी नाइकांना पुण्यात, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत फाशी दिलं. संध्याकाळी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर पोवाडा आहे, सोबत तिथल्या पोरांचा प्रवेश.

सकाळी ८
वही उघडली. नाइकांचं सविस्तर चरित्र लिहिलं कुणी, तर त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनं. फाशीच्या पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, ते छापूनही आलं. त्याच्या लेखी नाईक दरोडेखोर. आपल्या व्यासपीठावर ते आद्य क्रांतिकारक. मधलं कडवं आज नव्यानं बांधलं: पुरंदरची राखण नाइकांच्या रामोशी समाजाच्या हातून गेली, तिच्यावर चालणारं पोट गेलं. पुढची लूटही ठेवली.

सकाळी ११
बारामती सोडली. गाळपाचा हंगाम, काटेवाडी, सणसर, भवानीनगर, सगळीकडे उसाच्या ट्रॉल्या. लासुर्ण्यापर्यंत झिलकऱ्यांनी गाडीतच दोनदा 'जी जी'चा सूर जुळवून घेतला.

दुपारी १
तालीम. नाईक व्हायला सगळे तयार. गोऱ्या साहेबाच्या टोपीवरून तर भांडणच लागलं. १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळच्या उत्रोळीत नाइकांना पकडून देणारे काळू आणि नाना मात्र कुणालाच व्हायचं नाही. "आजी घरात घेणार नाही," एक जण म्हणाला. नाना नसेल तर नाईक सापडणार कसे? बक्षीस सांगितलं: १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन. मागून एक पोरगं म्हणालं, "बागायती का जिरायती, आण्णा?" सगळे हसले. नाना मिळाला. काळूला त्यानंच शेजारून ओढून आणलं.

दुपारी ४
मंडळानं फाशीसाठी बांबूचा सांगाडा उभा केलाय, नायलॉनचा दोरही आणलाय. दोर काढायला लावला. पोराच्या गळ्यात खेळातसुद्धा फास घालायचा नाही. त्या जागी डफ थांबेल, साहेब शिक्षा वाचेल, बस्स.

संध्याकाळी ६.३०
गारवा सुटला की डफाचं कातडं ढिलं पडतं. पाचटाचा जाळ केला, डफ हातभर वर धरून फिरवला. फार जवळ नेला तर कातडं तडकतं. बोटानं टिचकी मारली, आवाज खणखणीत आला. फेटे बांधायला घेतले.

रात्री ८
१८३१ चा जाहीरनामा आला: इंग्रजांची चाकरी सोडा, सारा भरू नका. शिट्ट्या, टाळ्या. मग नाना आला आणि बक्षिसाचे रुपये मोजू लागला. पोरगं घाई करेना. एकेक नाणं उलटसुलट करून बघत होतं. बायकांच्या बाजूनं शिव्या सुरू झाल्या. फाशीपेक्षा हाच प्रवेश लोकांना लागला.

रात्री १०.३०
पिठलं-भाकरी खाताना एका जाणत्यानं धरलं, "शाहीर, लुटीचं कशाला सांगितलं? पोरं काय शिकतील?" म्हटलं, "दादा, आपण गाळलं म्हणून ते पुस्तकातनं जात नाही. तिथं ते कॅप्टनच्या तोंडून ऐकायला मिळेल, आणि तो राखणीचं कडवं काही आपल्यासारखं गाणार नाही." त्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षाची सुपारी मात्र त्यांनीच दिली, आणि वर बजावलं, "नाना हाच पोरगा पाहिजे."