पावसाळ्यानंतरची कटकट: क्रँक आणि बॉटम ब्रॅकेटची देखभाल

मागच्या वेळी आपण ब्रेक पाहिले. त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागेबद्दल होते. पेडल मारताना खालून कटकट आवाज येतो, दुकानात सांगतात 'बीबी गेली', आणि मग क्रँकसकट सगळं बदलायचा खर्च समोर येतो. तेव्हा आज तेवढंच घेऊ. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. त्या नावावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेत, म्हणून पुढे जाऊ.

दोन्ही पेडलांचे दांडे म्हणजे क्रँक. त्यांना जोडणारी आस म्हणजे एक्सल. ही एक्सल फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत, दोन बेअरिंगांवर फिरते. माउंटन बाइकमध्ये ही नळी साधारण ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंद असते. एवढ्या छोट्या जागेवर भार किती येतो बघा. सत्तर किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला, की एक्सलवर सुमारे ११७ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. चाकाचं बेअरिंग ताशी १५ किलोमीटरला मिनिटाला १२० च्या आसपास फेरे घेतं, बीबी त्याच्या निम्मेच घेते. पण बीबीवरचा भार प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका देऊन येतो, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून.

आता आपली जागा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आरेच्या रस्त्यावर नाहीतर मुलुंडच्या डोंगराच्या कडेला सायकल घातली, की मुरमाचा बारीक लाल-काळा चिखल तळाशी जाऊन बसतो. बोरिवलीची मंडळी गोराईच्या जेटीवरून सायकल घेऊन पलीकडे जातात, तिथे खारं पाणी आणि वाळू. सगळ्यांना वाटतं की पाणी बीबीत बाहेरून, सीलमधून शिरतं. शिरतं, पण पुष्कळदा ते वरून येतं. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी सीट ट्यूबमध्ये उतरतं आणि थेट बीबीच्या नळीत साचतं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उघड्यावर उभी असलेली सायकल न चालवताही बेअरिंग गंजवते, ती अशी. बऱ्याच फ्रेमना नळीच्या खाली एक बारीक भोक असतं, पाणी निघून जायला. ते चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. फुकटातली एवढी उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

दुकानात जाण्याआधी घरी एक तपासणी करायची. क्रँकचा दांडा हातात धरा. पेडल धरू नका, पेडलचं स्वतःचं बेअरिंग वेगळं असतं. दांडा फ्रेमकडे आणि फ्रेमपासून बाहेर, असा आडवा हलवून पाहा. दोन्ही बाजूंचे क्रँक एकत्र हलत असतील तर खेळ बीबीत आहे. एकच हलत असेल आणि दुसरा घट्ट असेल, तर तो क्रँक एक्सलवर सैल झालाय, बीबी बहुधा ठीक आहे. मग चेन खाली उतरवून क्रँक हलकेच फिरवा, बोटांना खरखर लागते का बघा. हे दोन्ही नसेल आणि आवाज तरी येत असेल, तर पेडल, चेन-रिंगचे बोल्ट आणि सीटचा दांडा आधी तपासा. सीटवरून उठून पेडल मारल्यावर आवाज बंद झाला, तर तो सीटकडचाच. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधून आवाज इतका फिरतो की कान फसतात.

यातली सैल क्रँकची गोष्ट सगळ्यात गंभीर, म्हणून तिथे थोडं थांबू. आपल्याकडे डबेवाल्यांच्या, पाववाल्यांच्या काळ्या सायकली असतात ना, त्यांचा क्रँक पोलादी आणि कॉटर पिनने बसवलेला. पिन सैल झाली की अंधेरी स्टेशनबाहेरचा मिस्त्री हातोडीचे दोन ठोके घालतो, काम झालं. पिन झिजली तर नवी पिन. क्रँकला काही होत नाही. आपल्या हाताला आणि मिस्त्रीच्याही हाताला सवय तीच. पण हल्लीच्या माउंटन बाइकचा क्रँक बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याचं चौकोनी भोक पोलादी, निमुळत्या चौकोनी एक्सलवर दाबून बसवलेलं असतं. बोल्ट सैल झाला की प्रत्येक पेडलला पोलाद ॲल्युमिनियमला घासतं. तसंच पाच-दहा किलोमीटर रेटलं तर भोकाचे कोपरे गोल होऊ शकतात. मग बोल्ट कितीही आवळा, तो क्रँक पुन्हा सुटणारच. गेला तो क्रँक. जेवणाची पार्सलं घेऊन दिवसभर घाटकोपर-पवई करणाऱ्या मुलासाठी हा दिवसाच्या कमाईचा प्रश्न आहे. आणि कान्हेरीहून उतरताना दोन्ही पेडलांवर उभं असताना क्रँक निघाला, तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून चौकोनी एक्सलचा बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन-मीटरला आवळायचा. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज सांगतो: पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पंधरा-सोळा किलोचा जोर. नवीन सायकल घेतल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर हे एकदा तपासायचंच. क्रँक काढायला मात्र पुलर लागतो. तो पूर्ण आत बसवल्याशिवाय फिरवलात तर क्रँकचे आटे उपटून येतात.

आता आट्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फ्रेम इथे खराब होतात. माउंटन बाइकच्या प्रचलित आटेवाल्या बीबीत उजव्या बाजूचा, म्हणजे चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावतो आणि 'सोडण्या'च्या नावाखाली आवळत बसतो. उजवं-डावं लक्षात ठेवण्यापेक्षा एक सोपी खूण ठेवा. पाना कपवर बसवून दांडा सरळ वर उभा करा. पुढच्या चाकाकडे ढकललात तर कप सुटतो, मागच्या चाकाकडे ओढलात तर आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. पेडलचं नेमकं उलटं: पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढा, पेडल सुटेल.

हे असं का? एक पेन्सिल घ्या, मुठीत सैल धरा आणि तिचं वरचं टोक मुठीच्या कडेला टेकवून गोल फिरवा. टोक घड्याळाच्या दिशेने फिरतंय, पण पेन्सिल स्वतः उलटी वळते. बीबीत छर्रे कपाच्या आत क्रँकच्याच दिशेने फिरतात. त्यांचा दाब कपाला नळीमध्ये हळूहळू उलट्या दिशेने वळवत राहतो. म्हणून उजवीकडे उलटे आटे ठेवले, म्हणजे कप सुटण्याऐवजी घट्ट होत जातो. इटालियन पद्धतीच्या बीबीत दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात आणि तिचा उजवा कप सुटण्याबद्दल प्रसिद्धच आहे.

दुरुस्ती कोणती करायची, ते आत काय आहे त्यावर ठरतं. स्वस्तातल्या सायकलींत सुटे छर्रे असतात, बहुधा पाव इंची. हा प्रकार जुना म्हणून नावं ठेवतात, पण मुंबईच्या पावसाला तोच धावून येतो, कारण तो उघडून साफ करता येतो. डावीकडची रिंग सोडा, कप काढा, छर्रे मोजून ठेवा. रॉकेलने सगळं धुवा, कोरडं होऊ द्या. एक्सलवर छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर नख फिरवा. नख अडकेल असे खड्डे असतील तर एक्सल बदला, नाहीतर फक्त छर्रे नवीन टाका. बदलताना सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारं चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस चालतं, हात आखडता न घेता भरा. कप खेळ जाईपर्यंत आवळा, किंचित मागे घ्या, आणि कप हलू न देता रिंग कसा. पहिल्या प्रयत्नात हे जमत नाही, तीन-चारदा करावं लागतं. छिन्नी-हातोडीने रिंग फिरवू नका, तिच्या खाचा तुटतात.

सीलबंद कार्ट्रिज असेल तर आत काही करायचं नसतं. खरखर लागली की बदलायची. जुनी दुकानात घेऊन जा, कारण नळीची रुंदी आणि एक्सलची लांबी दोन्ही जुळावी लागते. नवी बसवताना आट्यांना ग्रीस लावाच, नाहीतर दोन पावसाळ्यांनी ती फ्रेमला चिकटून बसते.

तिसरा प्रकार बाहेरच्या कपांचा. शिमानोने २००३ च्या एक्सटीआरमध्ये आणलेली ही पद्धत, २४ मिलिमीटरची पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेली. डावीकडे एक प्लॅस्टिकची टोपी असते, ती फक्त खेळ काढण्यापुरती, बोटांच्या जोराने आवळायची. मग डाव्या दांड्याचे दोन बोल्ट आलटून-पालटून १२ ते १४ न्यूटन-मीटरला. टोपी जोराने पिळली की चांगली बेअरिंगं काही महिन्यांत मरतात.

श्रोत्यांमधून प्रश्न: गोराईहून आल्यावर गाड्या धुण्याच्या सेंटरला प्रेशरने धुऊन घेतली तर?

बीबीवर आणि चाकांच्या मधोमध तो फवारा मारू देऊ नका. मीठ निघायला साधी बादली आणि मग पुरतो, खारं पाणी वाळायच्या आत एवढंच बघा. गंज सोडवायचा पातळ स्प्रेही बीबीच्या सीलवर मारू नका, आवाज दोन दिवस थांबतो कारण आतलं ग्रीस विरघळलेलं असतं. धुतल्यावर सीटचा दांडा बाहेर काढा आणि सायकल थोडा वेळ उलटी करून ठेवा, नळीतलं पाणी तिकडून निघून जातं. किती जातं ते एकदा जमिनीवर बघा.