ओव्हनचें न मिटणारें दार

दिवाळींत नानकटाया दाराशीं कच्च्या आणि मागें करपलेल्या निघाल्या, तेव्हां काकूंनीं सरळ धाकट्या सूनबाईंच्या हाताला दोष दिला. आम्हींहि मान डोलावली, हें लिहितांना आज संकोच वाटतो. पुढें ओव्हनचें बटण फिरवितांना काकूंनाच चटका बसला, तेव्हां कोठें दाराकडे लक्ष गेलें. वर नखाएवढी फट होती. उष्णता तेथून निसटे, आणि थर्मोस्टॅट ती भरून काढण्यासाठीं ओव्हन तापवीतच राही!

परीक्षा सोपी आहे. ओव्हन थंड असतां दारांत कागदाची पट्टी अडकवून ती चारी बाजूंस ओढून पाहावी. सहज निघाली, तेथें दार सैल. आम्हीं विजेची जोडणी काढून दारासभोंवारच्या पट्टीवरील तुपाचा थर कोमट साबणपाण्यानें पुसला. (घासणीनें पट्टी फाटते.) तरीहि फट राहिली. खरी अपराधी डावी बिजागरी. तिची स्प्रिंग गेली होती.

येथें मात्र जपावें. खालीं उघडणारें दार काढण्यापूर्वीं दोन्ही बिजागऱ्यांच्या खिट्ट्या पुऱ्या वळवाव्यात, नाहींतर ताणलेली बिजागरी फटकन् मिटून बोटें चेंगरते. मुलांना आम्हीं जवळ येऊं दिलें नाहीं. बिजागऱ्या जोडीनेंच बदलल्या. एकच नवी बसविली तर दार तिरकें बसण्याचा संभव असतो.

त्याच आठवड्यांत सूनबाईंनीं नानकटाया पुन्हां केल्या. ताटांतली पहिली काकूंनीं आपण होऊन उचलली.