फोटो सांभाळताना: मोफत आणि मुक्त यांतला फरक
मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द असूनही सॉफ्टवेअरचा विषय निघाला की आपण त्यांची सरमिसळ करतो, आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. उदाहरणार्थ, गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं, तेव्हा दर्जा थोडा कमी करून हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ही सवलत बंद झाली. आधीचे फोटो मोजणीत धरले नाहीत, पण नवा प्रत्येक फोटो १५ जीबीच्या हिशेबात येतो आणि त्याच जागेत जीमेलही बसवावं लागतं. कंपनीने हे आधी कळवून केलं, यात फसवणूक नाही. मात्र हिंगोलीच्या दसरा महोत्सवातले पाळणे, वसमतच्या शिवारात हळद शिजतानाची वाफ, असं सगळं तिथेच ठेवत आलेल्या घराला जागा मिळाली होती; अटी ठरवण्याचा हक्क मिळाला नव्हता. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या हक्काच्या बाबतीत वेगळं आहे. त्याचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि पुढे देऊ शकतो, त्यामुळे मूळ निर्मात्यांनी काम थांबवलं तरी दुसरे ते चालू ठेवू शकतात.

कोड उघडा म्हणजे फोटोही उघडे, ही भीती मात्र निराधार आहे. फोटो साठवणाऱ्या ‘एंटे’ या सेवेचा कोड जाहीर आहे, तरी फोटो फोनमध्येच कूटबद्ध होतो आणि सर्व्हरवर त्याचं न वाचता येणारं रूप पोचतं. कोड जाहीर असल्यामुळे हा दावा बाहेरच्या जाणकारांना तपासता येतो. या सुरक्षिततेची किंमतही आहे: पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की हरवली, तर कंपनीलाही फोटो उघडता येत नाहीत. म्हणून ती की कागदावर लिहून सातबारा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. फुकटचं म्हणून दुय्यम, हाही असाच समज. ‘डिजिकॅम’ हे फोटो लावून ठेवण्याचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००१ पासून विकसित होत आहे आणि चेहरे ओळखण्याचं काम इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर करतं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो-इंडिया प्रकल्प होतो आहे; त्या लहरींच्या विश्लेषणासाठी लायगोचे शास्त्रज्ञ वापरतात ते ‘लालसूट’सुद्धा मुक्तस्रोतच आहे.

एक आक्षेप रास्त आहे: घरी सर्व्हर कोण चालवणार? घरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ‘इमिच’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची सोय गुगल फोटोजच्या अगदी जवळ जाते, पण त्याला सतत चालू राहणारं यंत्र आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. जिथे वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टर नाही, तिथे मी ते सुचवणार नाही. साधा लॅपटॉप, डिजिकॅम आणि दोन हार्डडिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी, एवढ्यावर बहुतेक कुटुंबांचं भागतं. दुसरी डिस्क टाळू नये, कारण फोनमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जातो अशी जोडणी अनेक ठिकाणी असते. अशा जोडणीला बॅकअप म्हणता येत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली प्रतही मूळ फोटोची जागा घेत नाही: ती आकसते आणि काढल्याची तारीख, ठिकाण या नोंदी गळून पडतात.

माझ्या लेखी निवडीची खरी कसोटी बाहेर पडण्याची आहे. गुगलमधून फोटो उतरवले की तिथे फोटोंवर लिहिलेल्या ओळी वेगळ्या जेसॉन फाइलींत येतात, आणि फोटो व माहिती पुन्हा जुळवत बसावं लागतं. डिजिकॅमला सेटिंगमध्ये सांगितलं, तर नोंद फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जाते. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी पन्नास फोटो त्यात टाकावेत, एकावर ‘आजी, औंढा नागनाथ’ असं देवनागरीत लिहावं, सगळे पेनड्राइव्हवर बाहेर काढावेत आणि दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून आजीचं नाव अजून फोटोसोबत आहे का ते पाहावं.