साग पारखता, मग एसएसडीही पारखा!

अहेरीकरांना साग कसा घ्यायचा हे कुणी शिकवायचं? साल बघून इथे कुणी पैसे मोजत नाही. ओंडक्याचा काप बघतात, आत गाभा किती भरलाय ते बघतात. कॉम्प्युटरचा डेटा साठवणाऱ्या एसएसडीचंही तस्संच! डब्यावरचा चमचमता स्पीड ही झाली साल. गाभा आत आहे, चला आत!

माहीत आहे का, एसएसडीत फिरणारी डिस्कच नसते? तबकडी नाही, मोटर नाही, घरघर नाही. नुसत्या चिप! त्यातली नँड फ्लॅश मेमरी 1987 मध्ये जगापुढे आणली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या टीमने. 'फ्लॅश' का? ती क्षणात पुसली जाते म्हणून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. क्लिक, नाव फायनल!

1991 म्हणजे डबल धमाका! पुण्यात सी-डॅकने 'परम 8000' सुपरकॉम्प्युटर आणला, त्यामागचे डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भाचे, अकोला जिल्ह्यातले. त्याच वर्षी अमेरिकेत आजच्या सॅनडिस्कने एसएसडी विकली. साइज 20 एमबी, किंमत सुमारे 1,000 डॉलर. आज मोबाइलचे सात-आठ फोटो टाकले की फुल्ल!

आता गाभा. मेमरीचे दोन प्रकार बघा: एका पेशीत टीएलसी 3 बिट ठेवते, क्यूएलसी 4. फरक एकाचाच? छे! टीएलसीला विजेच्या 8 पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीला 16. खोली तेवढीच, गर्दी दुप्पट. क्यूएलसी स्वस्त पडते, पण रोजच्या कामाच्या मशीनला टीएलसीच घ्या.

टीबीडब्ल्यू बघितलं का? ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल, त्याची ही हमी. 1 टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला बहुतेकदा 600 मिळतात. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रात रोज 30 जीबी लिहिलं, तरी 20 हजार दिवस. जवळपास 55 वर्षं! म्हणजे झिजून मरणं लांबच. घात होतो तो भलतीकडून.

कुठून? लाइन गेली की! पावसाळ्यात आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. कोणता डेटा कुठल्या पेशीत आहे याचा नकाशा ड्राइव्ह स्वतःजवळ ठेवतो आणि सतत बदलत असतो. नेमका तो लिहिताना झटका बसला, तर सकाळी कॉम्प्युटर त्या ड्राइव्हला ओळखतही नाही. सर्व्हरच्या महागड्या ड्राइव्हवर यासाठी कपॅसिटरची रांग असते. लाइन गेल्यावर काही क्षण पुरेल एवढी वीज त्यात साठलेली, तेवढ्यात हातातलं लिखाण पूर्ण! घरच्या ड्राइव्हवर ती सहसा नसते. म्हणून डेस्कटॉप असेल तर बजेटमध्ये यूपीएस धराच, मग भले स्पीडमध्ये एक मॉडेल खाली उतरा.

कॅशही मोजा! खिशातली नाही हो, डीरॅम कॅश. तो नकाशा पटकन सापडावा म्हणून दिलेली वेगळी चिप. असेल तर उत्तम.

आता थरार! 2019 मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केलं, आमच्या काही एसएसडी बरोब्बर 32,768 तासांनी बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास! ड्राइव्ह गेला, डेटाही गेला. दोष चिपचा नव्हे, फर्मवेअरचा, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. उपाय एक अपडेट. 32,768 म्हणजे 2 चा 15 वा घात, कॉम्प्युटरवाल्यांचा जुना ओळखीचा आकडा. तेव्हा फर्मवेअर अपडेट देत राहणारी कंपनी आणि 5 वर्षांची वॉरंटी, दोन्ही बघून घ्या. अहेरीहून सर्व्हिस सेंटर गाठणं म्हणजे एक अख्खा दिवस!

आणि ऊन? एसएसडीत डेटा म्हणजे कोंडलेला विद्युतभार, उष्णतेत तो लवकर गळतो. म्हणून लग्नाचे फोटो एसएसडीत भरून, ती पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात वर्षानुवर्षं ठेवून विसरू नका. अधूनमधून जोडा आणि दुसरी कॉपी साध्या हार्ड डिस्कवर ठेवा.

घरी आणल्यावर पहिलं काम? क्रिस्टलडिस्कइन्फो. फुकटचं जपानी सॉफ्टवेअर, त्याच्या काही आवृत्त्यांत चक्क अ‍ॅनिमेतली मुलगी तब्येत सांगते! त्यात 'पॉवर ऑन अवर्स' बघा. सीलबंद डब्यातल्या नव्याकोऱ्या ड्राइव्हने तिथे चार आकडी तास दाखवले, तर बिल घ्या आणि आल्या पावली दुकानात!