बर्म्युडाची पांढरी छपरं

मावशीमुळे लहानपणापासून सुट्टीत बर्म्युडाला जाणं होतं. परवा माझे फोटो बघून मैत्रिणीने विचारलं, "सगळी छपरं पांढरी आणि पायऱ्यापायऱ्यांची का गं?"

अटलांटिकमधल्या या ब्रिटिश बेटांवर नदीच नाही. म्हणून घरं पावसाचं पाणी छपरावर झेलतात!

छपराला चुनखडीच्या फरश्या. त्यावर पूर्वी चुना लावत, त्याने पाणी स्वच्छ राहायला मदत व्हायची. पायऱ्यांमुळे धो धो पावसाचा जोर मोडतो आणि पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत उतरतं. मावशी टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली ते बघायची, मगच आमच्या आंघोळी! पाऊस लांबला तर टँकर.

आता तिथे फिरण्याबद्दल: पर्यटकांना नेहमीची मोटार भाड्याने मिळत नाही. बस आणि फेरीबोट उत्तम.

जाणार असाल तर बिनधास्त विचारा.