कथानाट्य व बालकांचे बोलणे

पहिलीच्या वर्गात प्रश्न विचारताच मान खाली घालणारे मूल पुष्कळदा मंद नसते. घरची झाडीबोली व पुस्तकातील भाषा यांमधील अंतराने ते बुजलेले असते. अशा मुलास बोलते करण्यासाठी कथेचे नाट्यीकरण हे बिनखर्चाचे साधन आहे. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी व १९४५ पासून बोर्डीच्या ग्रामीण परिसरात ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीला मानाचे स्थान दिले. भंडारा जिल्ह्यात तर दंडारीची परंपरा असल्याने सोंग घेणे मुलांना परके नाही.

उदाहरणार्थ, चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्यावी. ती प्रथम रंगवून सांगावी. मग जमिनीवर खडूने दोन घरे आखावीत. बुजऱ्या मुलांना आरंभी पाऊस व्हावयास सांगावे; टाळ्या-चुटक्या वाजविताना ती समूहात मिसळतात. पुढे दार ठोठावण्याचे व अखेरीस कावळ्याच्या बोलण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. चिमणी बाळाला न्हाऊ घालते, पुसते, अंगडे घालते. यातून क्रियापदे व कामांचा क्रम मनात ठसतो. दार किती वेळा वाजले हे मोजण्याने गणितही साधते.

खेळ चालू असता मुलांच्या बोलीतील शब्द दुरुस्त करू नयेत. ते नंतर प्रमाण शब्दांशेजारी फळ्यावर लिहावेत. शेवटी ‘तुम्ही चिमणी असता तर दार केव्हा उघडले असते?’ असे विचारावे. त्या उत्तरात मूल पाठ केलेले नव्हे, तर स्वतःचे वाक्य बोलते. हेच या पाठाचे खरे फलित होय.